चेनशॉपच्या गिटारवाल्यास

क्रॅडली हीथ,
३ मार्च २०१९

रॉय,

सोबतच्या कागदांत तिसऱ्या पानावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्या खाली सही कर आणि कागद परत पाठव. एवढं केलंस की पुढचं वाचलं नाहीस तरी माझी हरकत नाही. पण तू वाचशील. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चमचा तोंडात न घेणारा मुलगा तू. सख्ख्या बहिणीला हे ठाऊक नसणार तर कुणाला?

अठ्ठावीस वर्षं आपण बोललो नाही. आईला पुरून आल्यावर, हॅमच्या सँडविचेसपाशी उभी राहून, चार नातेवाइकांदेखत मी तुला म्हणाले होते की तुझ्यात दम नव्हता म्हणून आपला बँड बुडाला. तू हातातली बशी खाली ठेवलीस, टॅक्सी बोलावलीस आणि ऑस्ट्रेलियाला परत गेलास. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. हे कामाचं पत्र आहे.

काम असं की गेल्या मंगळवारी फिनलंडहून एक माणूस माझ्या दारात आला. वय पस्तीसेक, दाढी छातीपर्यंत, बोलणं शाळेतल्या शहाण्या मुलासारखं. मी कचऱ्याचा डबा बाहेर ढकलत होते.

"माफ करा, चेनशॉपमध्ये बेस वाजवणाऱ्या थेल्मा बिलिंगहॅम इथेच राहतात का?"

"राहतात," मी म्हटलं. "त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

त्याने पिशवीतून चेनशॉपची रेकॉर्ड काढली. एकुलती एक, पंच्याहत्तर सालची, पाचशे छापलेली. निम्म्याअधिक आपल्या गाणाऱ्या गिलच्या गॅरेजात पाणी शिरून वाया गेल्या होत्या. त्याच्याकडे होती ती कोरी करकरीत, प्लास्टिकच्या दोन आवरणांत. या माणसाचं नाव जार्को. ज्या बँडांना कुणी विचारलं नाही त्यांच्या रेकॉर्डी शोधून पुन्हा छापायच्या, हा त्याचा उद्योग. त्याला आपली छापायची आहे. म्हणाला, "जगातले थोर गिटारवादक म्हणून सगळे तीच ती दहा नावं घेतात. मला त्या लोकांना यातलं 'तिसरी भट्टी' हे गाणं ऐकवायचं आहे. हा माणूस कोण, कुठे आहे, कुणालाच कसं माहीत नाही?"

मी त्याला मटार आणि लिव्हरचे गोळे खाऊ घातले. बिचाऱ्याने सगळे संपवले. मग वही काढून विचारू लागला, की 'तिसऱ्या भट्टी'त गिटार मधेच वर चढते तिथे हा माणूस तार एवढी ताणतो, ती तुटत कशी नाही? मी सांगितलं की पहिल्या तारेच्या जागी बँजोची तार आहे, बाकीच्या सगळ्या एकेक जागा खाली सरकवलेल्या आणि सगळ्यांत जाड ती फेकून दिलेली. बारीक तारा त्या काळी आमच्या गावात मिळत नव्हत्या, बँजोची तार मिळायची.

"पंधरा वर्षं मी समजत होतो की त्याची गिटारच वेगळी आहे," जार्को म्हणाला.

"गिटार दुकानातली सगळ्यांत स्वस्त होती," मी म्हटलं. "माणूस वेगळा होता."

आता सह्यांचं. मी केली. ड्रमवाल्या नेव्हने कबुतरांच्या खुराड्याच्या छपरावर कागद ठेवून केली. गिलला जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्या बायकोने केली. गाणी सगळी तुझी, त्यामुळे तुझ्या सहीवाचून पान हलत नाही. रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्यात जार्कोचा नंबर सप्टेंबरात आहे. एकतीस ऑगस्टपर्यंत कागद नाही आले, तर नंबर चिलीच्या कुठल्याशा बँडला जाईल. आणि पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नाही. मूळ टेपवरचा थर कोंड्यासारखा गळायला लागलाय, ती अजून एकदा वाजेल, फार तर दोनदा. यंदा नाही तर कधीच नाही.

पिवळी चिठ्ठी. तिसरं पान.

थेल्मा


१६ एप्रिल २०१९

रॉय,

तुझं कार्ड मिळालं. समुद्रातल्या धक्क्याचं चित्र छान आहे. मागचा मजकूर मात्र असा: "नको. लंडनच्या माणसाने ऐकलं होतं. त्याला जे वाटलं ते बरोबर होतं. उगाच थडगी उकरू नका."

म्हणजे बेचाळीस वर्षांनंतरही तू त्या पेव्हरेलचंच ऐकणार! मोठ्या रेकॉर्ड कंपनीतला माणूस, पायात मऊ कातड्याचे बूट, आपल्या कामगार क्लबात शिरताना नाक मुरडून आलेला. "गिटारवाला बरा आहे, पण असे लंडनमध्ये पैशाला पासरी मिळतात." हे वाक्य तुला पाठ आहे, मलाही आहे. पण वाक्य पाठ असलं म्हणजे खरं असतं का? नोव्हेंबरातल्या एका रविवारी भर दुपारी आपल्या क्लबात येऊन दीडच्या गाडीने परत पळालेल्या माणसाला काय कळतं रे? तो काही देव नव्हता. त्याने त्या वर्षी ज्या बँडांना हात दिला ते आज कुणाला आठवतात? मला तर एकाचंही नाव सांगता येणार नाही.

त्यापेक्षा माझं ऐक. मी सहा वर्षं तुझ्या डाव्या बाजूला उभी राहून वाजवलंय. मागच्या अंगणात आजी साखळीच्या कड्या ठोकायची, एक मोठा घाव आणि दोन लहान, मोठा आणि दोन लहान. बाकीची पोरं झोपायची, तू पायरीवर बसून मांडीवर तेच बडवायचास. नंतर तुझ्या उजव्या हातात तेच आलं. वेगात वाजवणारे मी पुष्कळ पाहिले. ते सूर नुसते सांडत जायचे. तुझा एकेक सूर ठोकून बसवलेला असायचा, पुढचा मागच्यात अडकवलेला. म्हणून तर आजीच्या साखळ्यांच्या कामशाळेवरून बँडला 'चेनशॉप' नाव मी दिलं, आणि तू आठवडाभर कुरकुरत होतास की हे काय कारखान्याच्या पाटीसारखं नाव. पाटीसारखं आहे म्हणूनच जार्कोच्या लक्षात राहिलं, बघ.

माझ्या निवडी चुकत नाहीत. सही कर.

थेल्मा

ता. क. मेरिलला विचार, तिने नवऱ्याची गिटार एकदा तरी ऐकली आहे का. चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही नसेल, तर मला तिची कीव येते.


२० मे २०१९

रॉय,

"दीडची गाडी? आपला दुसरा भाग दीडला सुरू झाला होता. मग त्याने ऐकलं काय?"

एवढंच लिहायला तू तिकीट खर्च केलंस. गाड्यांचं वेळापत्रक इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात असतं? दीड असेल, सव्वादोन असेल. रविवारच्या गाड्या काय, कधीही धावतात. सत्तरीला टेकलेल्या बाईची उलटतपासणी घेऊ नकोस.

एक गोष्ट मी कबूल करते, म्हणजे तुझं समाधान होईल. पहिल्या भागात तुला मागे उभं राहून नुसता ठेका धरायला मी सांगितलं होतं. ते माझंच ठरवणं. पण त्यात वावगं काय होतं? क्लबात सगळेच तसं करायचे. पहिला भाग म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, हळू नाचाची गाणी. मग बिंगो. मग दुसऱ्या भागात भट्टी पेटवायची. आधीच पेटवली असती तर सिरिलने अर्ध्यावर घरी पाठवलं असतं. क्लबाचा चिटणीस होता तो, लाल बो-टाय घालून माइक हातात धरला की त्याला आपण पोपच आहोत असं वाटायचं. त्याच्या हातून अर्ध्यावर घरी गेलेले बँड तू पाहिलेस. लंडनचा पाहुणा आला म्हणून क्लबाची रीत बदलते का?

नेव्ह काल चहाला आला होता. तुझं कार्ड त्याला दाखवायला नको होतं. त्याचा एक कान भट्टीत गेला, दुसरा ड्रमने नेला, पण डोळे शाबूत आहेत. कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाला, "थेल्मा, तू त्याला अजून सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"मला विचारतेस? मी मागच्याच टेबलावर बसलो होतो."

"चहा पी, निवतोय."

"माझा चहा निवेल नाहीतर उकळेल. त्या पोराला तू..."

"पासष्ट वर्षांचा आहे तो, पोर कसला!"

"तेच म्हणतोय मी," नेव्ह म्हणाला, आणि बिस्किट न घेता निघून गेला. नेव्ह बिस्किट सोडून गेला असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आज एवढंच. पाऊस आहे आणि हात दुखतोय.

थेल्मा


२ जून २०१९

रॉय,

मी चार वेळा कागद फाडले. हा पाचवा, हा जाईल.

पेव्हरेल तसं काही म्हणाला नव्हता. "बरा आहे, असे पैशाला पासरी मिळतात" हे वाक्य माझं. मी जुळवलं, व्हॅनच्या मागच्या दारापाशी, तू ॲम्प्लिफायर उचलून आणत होतास तेवढ्या वेळात. पेव्हरेलने तुझा एक सूरही ऐकला नाही.

काय झालं ते नीट सांगते. पहिला भाग संपला. तू मागच्या खोलीत नवी बँजोची तार चढवायला गेलास. सिरिलने बिंगोचे आकडे पुकारायला घेतले, आणि क्लबात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. तुला ती शांतता माहीत आहे. चर्चमध्ये खोकणारी माणसं बिंगोला श्वास धरून बसायची. बायकांना क्लबाचं सभासद होता येत नव्हतं, पण बिंगोचं तिकीट मिळायचं, आणि ते मी कधी सोडलं नाही. त्या दिवशी माझं तिकीट असं लागत गेलं की काय सांगू. सगळे आकडे लागले, एकच उरला. त्रेसष्ट.

तेवढ्यात पेव्हरेल माझ्या टेबलाशी वाकला. हळू आवाजात बोलला, नाक वगैरे काही मुरडलं नव्हतं त्याने, ते पण मी घातलं. म्हणाला, "मिस बिलिंगहॅम, मला दीडची गाडी चुकवता येणार नाही. तुमच्या भावाला पाच मिनिटं मागच्या खोलीत वाजवायला सांगाल का? छोट्या ॲम्प्लिफायरवर चालेल. मी त्याच्यासाठीच आलोय."

त्याच्यासाठीच आलोय, असं म्हणाला तो. शब्द हेच होते.

मी तिकिटावरची नजर काढली नाही. "शूः," म्हटलं, "बिंगो चाललंय."

तो उभा राहिला. पुन्हा म्हणाला, "मिस बिलिंगहॅम..." आणि सिरिल माइकवरून गरजला, "तो लंडनचा कोट गप्प बसणार आहे, की उचलून बाहेर ठेवू?" सगळा क्लब हसला. मीही हसले, रॉय. पेव्हरेलने आपलं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि दाराबाहेर गेला. मी त्या कार्डावर बिअरचा ग्लास ठेवला, कारण मला लिहायला दोन्ही हात मोकळे हवे होते. मागची खोली माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती. तू आत तार जुळवत होतास ते मला ऐकू येत होतं. सिरिलला ऐकू आलं असतं तर त्याने तुलाही गप्प केलं असतं.

पुढच्याच आकड्याला ऑलिव्ह पार्क्सचं तिकीट भरलं आणि ती "हाऊस!" म्हणून ओरडली. त्रेसष्ट आलाच नाही.

मग दुसरा भाग. तू बाहेर आलास आणि मला खुणेने विचारलंस, आहे ना तो? मी हो म्हणून मान हलवली. वाटलं, तू वाजव तर खरा, नंतर सांगू. आणि तू वाजवलंस. 'तिसरी भट्टी' रेकॉर्डवर सात मिनिटांची आहे, त्या दुपारी ती एकोणीस मिनिटं चालली. नेव्ह मधेच काठ्या थांबवून नुसता बघत राहिला. बिअर भरणाऱ्या बाईने नळ बंद केला. सिरिलसुद्धा माइक काखेत धरून उभा होता. मी बेसच्या दोन सुरांवर उभी राहिले आणि मनात म्हटलं की आपण याच्यापेक्षा चांगलं काही ऐकणार नाही. मी ऐकलंही नाही. तू सगळा वेळ बारपाशी उभ्या असलेल्या फिकट कोटाकडे पेव्हरेल समजून बघत होतास. तो पाव विकणारा स्टॅन होता.

सामान उचलताना तू विचारलंस, "काय म्हणाला?" इतका घाम आला होता तुला की शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. त्या तोंडाकडे बघून मला म्हणवलं नाही की तो तुझ्या आधीच गेला, मी त्याला शूः केलं, एका आकड्यासाठी. दोष त्याच्या कानावर टाकणं सोपं गेलं. वाटलं, तू चिडशील, चार शिव्या देशील आणि जिद्दीने आणखी वाजवशील. मी असते तर तेच केलं असतं. तू गिटार पेटीत ठेवलीस आणि सोमवारी कारखान्यात जादा पाळी मागून घेतलीस.

मला सोमवारी फोन करता आला असता. कार्ड होतं, ग्लासाचा गोल डाग पडलेला नंबर स्पष्ट वाचता येत होता. केला असता तर तो पुन्हा येतो म्हणाला असता, आणि तुला सगळं कळलं असतं. म्हणून नाही केला. दोन वर्षांनी तू गिटार विकून जहाजात बसलास. साउदम्प्टनच्या धक्क्यावर तू मला म्हणालास, "बरं झालं, त्या माणसाने वेळेवर सांगितलं." तेव्हाही मी गप्प बसले. आणि आईला पुरलं त्या दिवशी, चोर तो चोर वर शिरजोर, तुलाच म्हणाले की तुझ्यात दम नव्हता.

ही चूक नव्हती. चूक बिंगोच्या वेळी झाली, पाच मिनिटांची. त्याच्यानंतरची बेचाळीस वर्षं मी रोज सकाळी उठून ठरवून खोटं बोलले. मला लाज वाटते. याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही, आणि असता तरी या वयात कुणाकडून उसना आणणार?

आता सही कर असं या पत्रात मी लिहीत नाही.

थेल्मा


३० जुलै २०१९

रॉय,

दोन महिने झाले. मी रोज पोस्टमनची वाट बघते असं समजू नकोस. तो अकराला येतो आणि मी तेव्हा सहज खिडकीत असते.

तू कागद चुलीत घातले असशील तर तो तुझा हक्क आहे. पण एक गोष्ट मी तुला न विचारता केली आहे, ती आधी सांगते. रेकॉर्डच्या आतल्या पानावर छापायचा मजकूर जार्कोने मला लिहायला सांगितला होता. त्याला हवं होतं काहीतरी गोड, कारखान्याचं गाव, जुने दिवस, मित्रांची टोळी. मी लिहून पाठवलं. प्रत सोबत आहे. मधला परिच्छेद असा:

"या बँडला कुणी विचारलं नाही याचं कारण हा बँड कमी पडला हे नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये एका रविवारी लंडनहून एक गृहस्थ रॉयस्टन बिलिंगहॅमला ऐकायला आले होते. त्यांना शांत बसवून परत पाठवलं ते मी, कारण मला बिंगोचा एक आकडा हवा होता. मग मी भावाला सांगितलं की त्यांना तो आवडला नाही. त्या दिवशी त्याने जसं वाजवलं तसं वाजवणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नाही, नंतरही नाही. या रेकॉर्डवर तुम्ही जे ऐकता आहात त्याच्यापुढे तो तेव्हाच गेला होता. पुढचं तुम्हाला ऐकायला मिळत नाही, ते माझ्यामुळे. — थेल्मा बिलिंगहॅम, बेस."

जार्कोचा लगेच फोन आला. "थेल्मा, हे खरंच छापायचं? लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"फिनलंडमध्ये बिंगो असतं का?"

"असतं."

"मग त्यांना कळेल. छापा."

तो म्हणाला की सही आली नाही तर हे छापायचा प्रश्नच येणार नाही. ते मला कळत नाही का? पण सही येवो न येवो, मी लिहून टाकलंय आणि माझ्या नावाने टाकलंय. नेव्हने वाचलं. बशीतली चारही बिस्किटं खाल्ली.

तू चांगला नव्हतास म्हणून बँड बुडाला, ही समजूत घेऊन तू मरता कामा नये. मला एवढंच हवंय. रेकॉर्ड निघाली तर हे हजार माणसांना कळेल. नाही निघाली तर तुला एकट्याला कळलंय, आणि तुला कळणं हेच महत्त्वाचं होतं. मेहेरबानी म्हणून सही करू नकोस. वाजवणाऱ्याला राग आला असेल तर रागाने कर. एकतीस ऑगस्ट.

थेल्मा


१७ नोव्हेंबर २०१९

श्री. रॉयस्टन बिलिंगहॅम,
गिटारवादक, चेनशॉप,
मु. एलिझाबेथ, ॲडलेडजवळ

महाशय,

तुमचे कागद सत्तावीस ऑगस्टला पोचले. पिवळ्या चिठ्ठीखालची सही पाहिली. तिच्याखाली तुम्ही लिहिलेल्या तीन ओळीही वाचल्या: "बिंगोसकट छापा. एक शब्द गाळायचा नाही. ही सही गिटारवाल्याची आहे, तुझ्या भावाची नाही."

मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. तास गेला असेल. बरं वाटलं म्हणून रडले आणि वाईट वाटलं म्हणूनही, दोन्हींचं माप सारखंच होतं. मग उठून कागद फिनलंडला धाडले. तुम्ही फक्त गिटारवाल्याच्या नात्याने बोलणार असं ठरवलंत, ते मला मान्य आहे. माझी त्यावर तक्रार नाही, तक्रार करायला तोंडही नाही. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

रेकॉर्ड निघाली. दोन प्रती वेगळ्या टपालाने पाठवल्या आहेत. टेप जार्कोच्या माणसाने ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजली, तसं करतात म्हणे, आणि मग ती एकदाच वाजली, पण पूर्ण वाजली. नेव्हच्या घरी आम्ही ऐकली. त्याने चांगला कान स्पीकरला लावला होता. 'तिसरी भट्टी' संपल्यावर म्हणाला, "मी दुसऱ्या कडव्यात घाई केली." मी म्हटलं, "तू पंच्याहत्तरपासून घाई करतोयस." तुम्ही मात्र कुठेच घाई केलेली नाही. मी तिथे शेजारी होते तरी मला हे आता कळलं, की वेग एवढा आणि घाई तसूभर नाही.

हजार प्रती होत्या, त्या पाच आठवड्यांत संपल्या. जार्को आणखी छापतो आहे. लोक त्याला लिहितात. मला नावं ठेवणारी पत्रं बरीच आहेत. ओसाकाच्या एका बाईने तर मला तीन पानं झोडपलंय, फार मुद्देसूद लिहिते. ती पत्रं मी ठेवून घेतली. तुमच्या नावाची एकोणीस आहेत, ती सोबत जोडली आहेत. बहुतेकांना बँजोच्या तारेबद्दल विचारायचं आहे. वाल्पाराइसोच्या एका शिक्षकाने विचारलंय की 'तिसऱ्या भट्टी'त वर चढताना तुम्ही अंगठा कुठे ठेवता, त्याचे विद्यार्थी त्यावरून आपसांत भांडतात. मला उत्तर माहीत आहे, पण मी दिलेलं नाही. ते तुमचं काम आहे. करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

मी गिटारवाल्याला दर महिन्याला लिहीत जाईन. त्याच्या नावाची पत्रं येताहेत आणि ती पोचवणं भाग आहे, तेव्हा मला कुणी थांबवू शकत नाही. त्याच्या घरात माझा भाऊही राहतो, मला माहीत आहे. त्याला मी काही लिहिणार नाही, त्याने नको म्हटलंय. पण तो औषधाच्या बाटल्यासुद्धा शेवटपर्यंत वाचणारा माणूस आहे. कधी तुमच्या खांद्यावरून डोकावून वाचू लागला, तर कागद झाकू नका.

तुमच्या डाव्या बाजूला उभी राहणारी,
थेल्मा बिलिंगहॅम
बेस